डेबियनमधनं जुनी पॅकेजं काढतात त्याबद्दल, आणि आमच्या वाचनालयाची पावती तीन दिवस का बंद होती

हळदगल्ली (सांगली)

नमस्कार मंडळी. मी विश्रामबागेत राहतो, दिवसा हळदीच्या अडतीवर हिशेबाचं काम आणि संध्याकाळी एका छोट्या वाचनालयाचे सहा कॉम्प्युटर बघतो, पगार वगैरे काही नाही, लहानपणी तिथं फुकट वाचलंय म्हणून करतो. सहाही मशीनवर डेबियन ११ (लिनक्सचाच एक फुकट प्रकार) होतं आणि त्याचा एलटीएस, म्हणजे लांब मुदतीचा, सपोर्ट ३१ ऑगस्ट २०२६ ला संपतो, म्हणून शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबायला नको असं ठरवून एका रविवारी बसून सगळ्यांवर १२ चा अपग्रेड मारला. एकही एरर नाही. शेवटी टर्मिनलनं सांगितलं की इतकी पॅकेजं (डेबियनमधनं बसवलेले प्रोग्राम) आता लागत नाहीत, ऑटोरिमूव्ह मारा, मी मारलं, यादी वाचली नाही, कुलूप लावून घरी आलो.

सोमवारी संध्याकाळी देवघेवीच्या टेबलावरच्या ताईंचा फोन, दादा पावती निघत नाही. जाऊन बघतो तर देवघेवीची स्क्रिप्ट पायथन २ (प्रोग्राम लिहायची भाषा) मधली आणि पायथन २ मशीनवर नाहीच. ती स्क्रिप्ट २०१२ साली इंजिनिअरिंगच्या एका पोरानं लिहून दिलेली, पुस्तकाचा दाखल क्रमांक टाका, सभासद क्रमांक टाका, पावती बाहेर, दंड असला तर दंडासकट. चौदा वर्षं कुणी तिला हात लावलेला नाही. ताईंनी कपाटातलं लाल रेघांचं जुनं रजिस्टर काढलं आणि तीन दिवस हातानं नोंदी केल्या, एकाही सभासदाला परत पाठवलं नाही, हे मला मुद्दाम इथं लिहायचंय.

पहिल्या दिवशी मला प्रचंड राग आला होता. चालणारी गोष्ट काढायचीच कशाला? मग रात्री बसून वाचत गेलो तसा राग उतरला. पायथन ३ आलं डिसेंबर २००८ मध्ये. पायथन २ आधी २०१५ ला बंद होणार होतं, लोकांची तयारी नाही म्हणून पाच वर्षं वाढवून दिली आणि १ जानेवारी २०२० ला सपोर्ट थांबला. शेवटचं २.७.१८ एप्रिल २०२० ला आलं, त्यानंतर मूळ टीमकडनं एकही दुरुस्ती नाही. डेबियन ११ मध्ये ते होतं ते फक्त मोजकी पॅकेजं बिल्ड करायला (कोडमधनं तयार करायला) लागत होतं म्हणून, आणि ११ च्या रिलीज नोट्समध्ये स्पष्ट लिहिलं होतं की याला सिक्युरिटी अपडेट मिळणार नाहीत, यावर प्रोग्राम चालवू नका. १२ मध्ये काढून टाकलं. म्हणजे आपल्याला बारा वर्षांची नोटीस मिळाली होती, आमच्या वाचनालयापर्यंत ती पोचली नाही एवढंच.

आणि ही काही एका पायथनची गोष्ट नाही. डेबियन ११ आलं तेव्हा ९,५१९ पॅकेजं कालबाह्य म्हणून काढली होती, १२ ला ६,२९६, आणि ऑगस्ट २०२५ ला १३ आलं तेव्हा ८,८४० च्या वर. हे आकडे त्यांच्याच घोषणेतले आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे की काढणं चुकीचं नाही, पण काढलंय हे आपल्याला काउंटरवर कळायला नको, आधी कळायला पाहिजे. आपल्याकडं असल्या स्क्रिप्टवर चालणारी वाचनालयं, पतसंस्था, दुकानं भरपूर आहेत. तुमच्या ओळखीत कुणाकडं काय जुनं चालतंय ते इथं लिहा, काढायच्या आधी आपण बघून ठेवू.

पोवईनाका (सातारा)

धागा चांगला आहे पण मी सहमत नाही. चालतंय ते चालू द्यावं या मताचा मी आहे. तुमची स्क्रिप्ट इंटरनेटवर नव्हती, वाचनालयाच्या एका खोलीत होती, तिला सिक्युरिटीचा धोका तो काय? चौदा वर्षं एक पैसा खर्च न होता जे चाललं ते लांब कुठं तरी बसलेल्या माणसानं ठरवलं म्हणून बंद पडलं. फुकट मिळतंय म्हणून बोलायचंच नाही का? मी साताऱ्यात तीन ठिकाणी लिनक्स बसवून दिलंय आणि प्रत्येक वेळी सांगितलंय की विंडोजसारखी जबरदस्ती यात नाही. आता त्यांना काय सांगू?

मिरजतंतू (मिरज)

पोवईनाका साहेब, ते ठरवणारा माणूस लांब बसलेला असला तरी कुठल्या कारणानं ठरवतो ते बघा. मी तीन-चार वर्षं दोन छोटी पॅकेजं सांभाळली आहेत, म्हणून आतनं सांगतो.

प्रत्येक पॅकेजमागं एक मेंटेनर असतो, बहुतेक वेळा एकटा आणि बिनपगारी. त्याला वेळ होईना झाला की तो पॅकेज अनाथ म्हणून जाहीर करतो, अक्षरशः ऑर्फन असाच शब्द आहे, आणि ते एका यादीत जातं, कुणी दत्तक घेतंय का वाट बघत. दरम्यान कंपायलर (कोडचा प्रोग्राम करून देणारा) बदलतो, लायब्ररी (प्रोग्राम वापरतात तो तयार कोड, पुस्तकांची नव्हे) बदलतात, एक दिवस ते बिल्ड होईनासं होतं. मग त्यावर गंभीर बग लागतो, बग सुटला नाही की ते टेस्टिंगमधनं (पुढच्या डेबियनची तयारी चालते तिथनं) आपोआप बाहेर पडतं, आणि तरी कुणी आलं नाही की कुणीतरी काढून टाकायची विनंती करतं. त्या वेळी सुद्धा आधी बघतात की याच्यावर दुसरं काय काय अवलंबून आहे, असेल तर आधी ते सोडवा म्हणतात. पायथन २ ला इतकी वर्षं लागली ती याच्यामुळं, त्याच्यावर टेकलेली हजारो पॅकेजं एकेक करून हलवावी लागली. तुम्ही म्हणता तसं कुणी सकाळी उठून बटण दाबत नाही.

आमच्या मिरजेत जुना तंबोरा अजून दुरुस्त होतो, का, तर भोपळा उघडून आत बघणारा माणूस गल्लीत अजून बसलाय. तो नसेल तर तंबोरा कितीही चांगला असू दे, तार सैल झाली की भिंतीला.

दुसरी गोष्ट, काढल्यामुळं आपला फायदा पण झालाय. छपाईची पानं जुळवायचं स्क्रायबस वापरणारे असतील इथं, लग्नपत्रिका आणि हँडबिलवाले. स्क्रायबसची १.४ ची सिरीज क्यूटी ४ (खिडक्या, बटणं दाखवणारी लायब्ररी) वर होती आणि तिच्यात देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळायचीच नाहीत, वेलांटी भलतीकडं, पाय मोडलेला. हार्फबझ (अक्षरं जुळवणारी लायब्ररी) घालून ते १.५.३ मध्ये सुधारलं आणि ती सिरीज क्यूटी ५ वर. डेबियननं ११ च्या आधी क्यूटी ४ काढलं, त्यामुळं १.४ राहूच शकत नव्हतं. क्यूटी ४ ला धरून बसलो असतो तर मराठी पत्रिका आजही इंकस्केपमध्ये लिहून चित्र म्हणून चिकटवत बसलो असतो, मी स्वतः तसं केलंय पाच वर्षं.

वाईचाघाट (वाई)

वाखूसा (वाचनखूण साठवली). माझ्याकडं पण पायथन २ ची एक स्क्रिप्ट आहे, पेढीच्या व्याजाची. हळदगल्ली, तुम्ही मग काय केलं, पायथन २ परत बसवलं का नवीन लिहिलं? सविस्तर लिहा.

हळदगल्ली (सांगली)

लिहितो, कारण याच्यात माझं डोकं तीन रात्री गेलंय आणि तुमच्या व्याजाच्या स्क्रिप्टला तर हे वाचायलाच पाहिजे.

पायथन ३ वर आणली. डेबियन १२ मध्ये टू-टू-थ्री नावाचं टूल मिळतं, ते जुना कोड वाचून नवीन करून देतं, प्रिंटला कंस घालणं वगैरे कामं ते बरोबर करतं. मला वाटलं झालं. पहिली पावती काढली तर सभासदाच्या नावाच्या जागी बी, मग उलट्या रेघा आणि एक्स-ई-शून्य, एक्स-ए-चार अशी माळ. कारण जुन्या कोडमध्ये मराठी नीट छापलं जावं म्हणून त्या पोरानं जागोजागी यूटीएफ-८ मध्ये एनकोड केलेलं, म्हणजे अक्षरांचे बाइट केलेले, पायथन २ ला ते लागायचं, पायथन ३ ला तेच नको असतं, ते त्याला अक्षरं न समजता नुसते बाइट समजतं. ती सगळी काढली. नाव आलं पण रकाने वाकडे. का, तर पायथन २ मध्ये सांगली या शब्दाची लांबी १८ यायची, बाइट मोजायचं ते, आता ६ येते, कारण काना, अनुस्वार, वेलांटी सुट्टी मोजतं. आणि डोळ्याला दिसतात ३ अक्षरं. त्या पोरानं १८ च्या हिशोबानं मोकळ्या जागा सोडलेल्या. ते सगळं नव्यानं जुळवलं, पावती एकदम आधीसारखी आली, ताईंना फोन करून सांगितलं सुद्धा की झालं.

आणि मग दंड. आमच्याकडं नियम असा, उशिराच्या पूर्ण आठवड्याला २ रुपये. दहा दिवस उशीर म्हणजे एक पूर्ण आठवडा, २ रुपये. स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं, दिवस भागिले ७ गुणिले २. पायथन २ मध्ये १० भागिले ७ केलं की १ यायचा, वरचं सोडून द्यायचं ते. पायथन ३ मध्ये १.४२ काहीतरी येतं. पावतीवर दंड छापून आला २.८५७१४२८५७१४२८५७ रुपये. हे टूल सुधारून देत नाही बरं का, कारण कोड म्हणून त्यात काहीच चुकीचं नाही, एररही येत नाही. भागाकाराची एक तिरकी रेघ होती तिथं दोन केल्या आणि सुटलं.

पण पुढं ऐका. पावतीवर एवढा लांबलचक आकडा आला म्हणून दिसला तरी. महिन्याच्या गोषवाऱ्यात तोच हिशोब होता आणि तिथं शेवटी राउंड लावलेलं. तिथं तो गपचूप ३ झाला असता. उशिराच्या बऱ्याच पुस्तकांना एखाद-दोन रुपये जास्त, कुणाला कळलंही नसतं, आणि वार्षिक सभेत पावत्या आणि गोषवारा जुळत नाही म्हणून उत्तर देत बसावं लागलं असतं त्या टेबलावरच्या ताईंना. त्या विचारानं मला त्या रात्री झोप आली नाही. म्हणून वाईकर, तुमच्या व्याजाच्या स्क्रिप्टमध्ये जिथं जिथं भागाकार आहे ती प्रत्येक ओळ हातानं बघा. जुनी आणि नवी दोन्ही शेजारी ठेवून मागच्या वर्षाच्या खऱ्या नोंदी दोघींतनं काढा आणि पैसा न् पैसा जुळवा. मी ११ मार्चपासून मागं एक वर्षाच्या नोंदी तशा जुळवल्या.

अजून एक, टू-टू-थ्री हे आत्ताच वापरून घ्या. डेबियन १३ मध्ये पायथन ३.१३ आहे आणि ज्या भागावर ते टूल चालायचं तो ३.१३ मधनं काढलाय. सीजीआय मॉड्यूल पण त्यातच गेलं, म्हणजे कुणी ब्राउझरमधला फॉर्म सीजीआयनं केला असेल तर त्यानं पायथन ३ वर आणून ठेवलं तरी १३ ला परत तेच होणार.

कृष्णाकाठ (सांगली, सध्या पुणे)

मी सर्व्हर सांभाळते, रोजचं काम हेच आहे, त्यामुळं दोन-तीन गोष्टी सांगते ज्या या धाग्यात अजून आल्या नाहीत.

डेबियन एखादं पॅकेज काढतं म्हणजे ते तुमच्या मशीनवरनं पुसत नाही, फक्त त्यांच्या गोदामातनं काढतं. अपग्रेड केल्यावर जुनं पॅकेज कशाला आडवं येत नसेल तर ते तसंच राहतं, चालतंही, फक्त त्याला इथनं पुढं एकही दुरुस्ती येत नाही आणि कुणी तुम्हाला तसं सांगतही नाही. हळदगल्ली दादांचं पायथन २ हे दुसऱ्या कुठल्या तरी पॅकेजच्या मागनं आपोआप आलेलं असणार, म्हणून ऑटोरिमूव्हनं नेलं. एप्ट-मार्क मॅन्युअल करून (हे मी मुद्दाम ठेवलंय अशी खूण करून) ठेवलं असतं तर राहिलं असतं. आणि खरं सांगू का दादा, गेलं ते बरं झालं, राहिलं असतं तर तुम्ही हे कधीच बघितलं नसतं.

तर अपग्रेडनंतर एप्ट लिस्ट लिहून पुढं नागमोडी चिन्ह आणि ओ टाका, अवतरणात. तुमच्या मशीनवर आहे पण गोदामात नाही अशा सगळ्यांची यादी येते. अपग्रेडच्या आधी डेबियन-सिक्युरिटी-सपोर्ट नावाचं पॅकेज टाका, ज्यांचा सपोर्ट संपलाय किंवा मर्यादित आहे ते सांगतं. हाऊ-कॅन-आय-हेल्प म्हणून एक आहे, तुम्ही वापरता त्यातली कुठली पॅकेजं अनाथ झालीत आणि कुठली टेस्टिंगमधनं बाहेर पडणार आहेत ते प्रत्येक इन्स्टॉलनंतर दाखवतं. ही आगाऊ नोटीसच आहे, दादा म्हणतात ती.

पोवईनाका यांनी विचारलं धोका काय. एका खोलीतल्या मशीनला कमी आहे, मान्य. पण मेंटेनर एकटा पडला की काय होतं ते मार्च २०२४ मध्ये सगळ्या जगानं बघितलं. एक्सझेड नावाची छोटी लायब्ररी, सगळीकडं असते, सांभाळणारा एकच माणूस आणि तो थकलेला. मदत करतो म्हणून दोनेक वर्षं विश्वास कमावून एकानं त्यात चोरदार घातलं, ५.६.० आणि ५.६.१ मध्ये. एका डेव्हलपरला एसएसएच (लांबनं दुसऱ्या मशीनवर शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला म्हणून ते सापडलं, नाहीतर ते टेस्टिंगमधनं पुढं स्टेबलमध्ये, म्हणजे आपण सगळे वापरतो त्या आवृत्तीत, गेलं असतं. तेव्हा ज्याच्यामागं माणूस नाही असं पॅकेज ठेवून घेणं म्हणजे घर उघडं टाकून गावाला जाणं आहे, आत सोनं असो नाहीतर जुनी भांडी.

बाकी नोटीस द्यायची पद्धत डेबियनसारख्या प्रत्येक सिस्टिमची वेगळी. जेंटूमध्ये पॅकेज आधी मास्क करतात (बसवायला अडवून ठेवतात) आणि साधारण ३० दिवसांनी काढतात. फ्रीबीएसडीमध्ये पोर्टच्या (त्यांच्याकडचं पॅकेज) फाइलमध्येच एक्सपायरी डेट लिहितात, औषधाच्या पट्टीवर असते तशी. फेडोरामध्ये अनाथ पॅकेज सहा आठवडे कुणी घेतलं नाही की रिटायर होतं आणि त्या फोल्डरमध्ये डेड पॅकेज नावाची फाइल राहते, कशामुळं काढलं ते लिहून. मला ती पद्धत आवडते, कारण शोधत येणाऱ्याला निदान कारण तरी सापडतं.

कासपठार (सातारा)

आमच्याकडं पॅकेजच नाही, सगळं मशीनच काढायला निघालेत. एका शाळेत देणगीतनं आलेले नऊ जुने ३२ बिटचे पीसी आहेत, मी दर शनिवारी जातो. डेबियन १३ मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर पण नाही आणि कर्नल पण नाही. १२ हे शेवटचं. पोरं त्याच्यावर टक्सपेंट आणि जीकॉम्प्रिस खेळतात, मराठी टायपिंग शिकतात. काय करू सांगा.

मिरजतंतू (मिरज)

कासपठार, त्या मशीनवर १३ चा अपग्रेड अजिबात मारू नका, रिलीज नोट्समध्ये तसं सांगितलंय. आधी प्रोसेसर तपासा, एलएससीपीयू कमांड मारून. पुष्कळ वेळा प्रोसेसर ६४ बिटचा असतो आणि त्या काळी रॅम कमी म्हणून कुणीतरी ३२ बिटचं बसवलेलं असतं. नऊपैकी निम्मे जरी ६४ निघाले तरी शाळेचं काम भागेल. बाकीचे १२ वर ठेवा आणि नेटपासनं लांब ठेवा.

पोवईनाका (सातारा)

सगळ्यांचं वाचलं. मिरजकरांचं आणि कृष्णाकाठ ताईंचं पटलं, मेंटेनर नाही तर ठेवायचं कुणाच्या जिवावर हे मी असं कधी बघितलं नव्हतं. पण एक मुद्दा मी सोडणार नाही. काढताना ते म्हणतात हे फारसं कुणी वापरत नाही. कशावरनं म्हणतात? पॉपकॉनवरनं, म्हणजे कुठलं पॅकेज किती मशीनवर आहे ते मोजणाऱ्या प्रोग्रामवरनं. आणि पॉपकॉन इन्स्टॉल करताना विचारतं, आधीपासनं उत्तर नाही असं निवडलेलं असतं, आपण एंटर मारून पुढं जातो. मी बसवलेल्या एकाही मशीनवर ते चालू नाही, तुमच्या सहावर आहे का? म्हणजे सांगली-साताऱ्यात एखादं पॅकेज पाचशे ठिकाणी चालत असलं तरी त्यांच्या लेखी शून्य. आपण त्यांच्या मोजणीतच नाही. त्याला दोष त्यांचा म्हणा किंवा आपला, पण हे आहे असं आहे.

हळदगल्ली (सांगली)

नाही चालू. तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि माझ्या डोक्यात हा आलाच नव्हता. आज संध्याकाळी सहाही मशीनवर चालू करतो. आठवड्यातनं एकदा मुख्यतः पॅकेजांची नावं आणि ती वापरात आहेत का हे जातं, वाचनालयाचा डेटा काही जात नाही, कार्यकारिणीला मी तसं लिहून देईन.

कृष्णाकाठ (सांगली, सध्या पुणे)

आणि पोवईनाका, ज्याला अगदीच जुनं लागतं त्याला वाट बंद नाही. डेबियनचं स्नॅपशॉट म्हणून संग्रहालय आहे, जुन्या आवृत्त्या तारखेनुसार मिळतात. डेबियन १० चा कंटेनर (मशीनच्या आतच वेगळी कोंडलेली छोटी सिस्टिम) करून त्यात पायथन २ ठेवायचं, नेटवर्क तोडून टाकायचं, आणि तेवढीच एक स्क्रिप्ट त्यात चालवायची. मी एका ठिकाणी असं दीड वर्ष चालवलंय, नवीन लिहून होईपर्यंत. फक्त नवीन लिहायची तारीख त्याच दिवशी ठरवा.

वाईचाघाट (वाई)

भागाकाराच्या अकरा ओळी सापडल्या. त्यातल्या चार ठिकाणी पूर्णांकच धरलेला होता, दिवसांच्या व्याजात. हा धागा नसता तर मी टूल मारून मोकळा झालो असतो. मनापासून आभार. जुन्या-नव्या दोन्हीतनं २०२४-२५ च्या नोंदी काढून जुळवतोय, दोन खाती अजून जुळत नाहीत, उद्या परत बसतो.

कासपठार (सातारा)

नऊपैकी सात ६४ बिट निघाले. पोवईनाका, शनिवारी सकाळी पेन ड्राइव्ह घेऊन येता का शाळेत? सातही एका दिवसात होतील दोघं असलो तर.

पोवईनाका (सातारा)

येतो. नऊला स्टँडवर भेटू. पॉपकॉन तिथं पण चालू करूया.

हळदगल्ली (सांगली)

शेवटचं अपडेट. रजिस्टरमधल्या तीन दिवसांच्या नोंदी आज संगणकात टाकून झाल्या, ताई वाचत होत्या आणि मी टाकत होतो. एका ओळीतला दाखल क्रमांक शाई पसरल्यामुळं वाचता येईना, ७ का १ कळेना. सभासदाला फोन लावला, त्यांनी कपाटातनं पुस्तक काढून आतल्या शिक्क्यावरचा नंबर वाचून दाखवला. ७ होता.